मिनेसोटाच्या यादीतली खपली

१९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शेतकी केंद्राने गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याबद्दल एक पत्रिका छापली. लेखक स्टॅकमन आणि लेव्हाइन. तांबेरा ही एकच बुरशी नसून तिच्यात अनेक पोटजाती आहेत, आणि डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसत असल्या तरी त्या वेगवेगळ्या गव्हांवर वेगवेगळ्या वागतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांची रीत साधी होती. बारा गव्हांची कोवळी रोपं कुंड्यांत वाढवायची, त्यांच्यावर तांबेऱ्याची पूड टाकायची, दोनेक आठवडे थांबायचं आणि पानं वाचायची. कुठे मोठाले फोड येतात, कुठे बारीक, कुठे नुसता ठिपका. बारा पानांवरच्या या खुणांवरून पूड कुठल्या पोटजातीची ते ठरायचं, आणि अशा ३७ पोटजाती त्यांनी वेगळ्या काढल्या. पुढे जगभरच्या तांबेरा-तज्ज्ञांनी हेच बारा गहू वापरले. त्यांची नावं अशी: लिटल क्लब, मार्क्विस, कॅनरेड (पुढे त्याच्या जागी रिलायन्स), कोटा, अर्नाउत्का, मिंडम, स्पेलमार, कुबांका, ॲक्मी, आइनकॉर्न, व्हर्नल आणि शेवटचं नाव खपली.

खपली म्हणजे आपली खपलीच. सांगली-साताऱ्याकडे जिची खीर होते, तीच. अमेरिकी नोंदवहीत तिला ४०१३ हा क्रमांक मिळाला, पण नाव बदललं नाही. रशियन, कॅनेडियन आणि अमेरिकी नावांच्या रांगेत एक मराठी शब्द जसाच्या तसा बसला आणि कित्येक दशकं तिथे राहिला. (मार्क्विसही पुरता परका नव्हे. त्याच्या आईबापांपैकी एक 'हार्ड रेड कलकत्ता' होता. पण ती गोष्ट वेगळी.) खपलीला तिथे का नेलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचं उत्तर शोधताना, जुने गहू चांगले की नवे या सध्याच्या भांडणातला मुळातला घोळही दिसू लागतो.

गव्हाचं घराणं सर्वांना माहीत आहे, म्हणून एका दमात सांगतो. एका दाण्याच्या आइनकॉर्नमध्ये १४ गुणसूत्रं, खपली आणि बन्सी (म्हणजे ड्युरम) यांच्या गटात २८, आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. खपलीचा रानटी पूर्वज १९०६ मध्ये आरोन आरोनसोनला गॅलिलीच्या डोंगरात सापडला. बलुचिस्तानातल्या मेहरगढमध्ये शेतीच्या अगदी सुरुवातीच्या थरांत खपलीच्या जातीचे दाणे मिळाले आहेत. हडप्पाकाळात आखूड, गोल दाण्याचा बुटका गहू पुढे आला. संस्कृतातला गोधूम हा इराणी गंदुमचा भाऊ, हेही आता नवीन राहिलेलं नाही.

मला खरा रस आहे तो नावात. खपली हे नाव कुठून आलं? सरळ उत्तर असं की जखमेवर धरते ती खपली. भिंतीच्या जुन्या चुन्याच्या निघतात त्या खपल्या, तळं आटल्यावर चिखलाच्या होतात त्या खपल्या. घट्ट चिकटलेलं, पण ओढलं तर पापुद्र्यासारखं निघणारं काहीतरी. आता या गव्हाची एक ओंबी हातात घ्या आणि मळा. साध्या गव्हाचा दाणा तळहातावर मोकळा होतो आणि भुसा फुंकरीने उडून जातो. खपलीचा दाणा मोकळा होतच नाही. ओंबी पेरापेरावर तुटते आणि हाती येतात ते चपटे, टोकदार, कठीण तुकडे. एकेका तुकड्यात पाठीला पाठ लावून दोन दाणे बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती तूस असं आवळलेलं असतं की नखाने सोलावं लागतं. म्हणूनच जुन्या जिल्हा गॅझेटियरांत या गव्हाचं दुसरं नाव 'जोड' असं येतं. एक नाव दाण्यांच्या जोडीवरून, दुसरं तुसावरून. घरात ही खपली उखळात कांडावी लागे. आधी पाण्याचा हबका मारायचा, मग मुसळ, मग पाखडणं, आणि पुन्हा मुसळ. शंभर किलो खपलीतलं वीस ते तीस किलो वजन नुसत्या तुसाचं असतं.

या सरळ उत्तराला दोन प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यांतला एक मला बराच काळ मोहात पाडत होता. पहिला फारसा गंभीर नाही. खपली ही 'खपणे'वरून, म्हणजे जिच्यासाठी बाईला उखळापाशी खपावं लागतं ती. गंमत म्हणून ठीक, पण धान्याला नाव कष्टावरून पडायचं तर मग नाचणीला काय म्हणावं? दुसरा प्रतिस्पर्धी कानडी आहे. कानडीत बैलांनी ओढायच्या मोटेला 'कपिले' म्हणतात, आणि मोटेच्या विहिरीला 'कपिले बावी'. खपली हा मुळात मोटस्थळाचा, म्हणजे विहीर-बागायतीचा गहू. ज्या भागात तो होतो तिथे कानडी आणि मराठी एकमेकींच्या अंगणात नांदतात. मग 'कपिलेचा गहू' तोच 'खपली गहू' का नसेल? कल्पना सुंदर आहे. ती खरी निघाली असती तर मला फार आनंद झाला असता, कारण पुढे मी जे मांडणार आहे त्याला तिने आयतं बळ दिलं असतं. पण तीन गोष्टी आड येतात. एक, क-चा ख का झाला याला कारण सापडत नाही. दोन, ज्या भाषेतून शब्द आला म्हणायचं त्या कानडीत या गव्हाला कपिले म्हणतच नाहीत. तिथे त्याचं नाव आहे 'जवे गोधी'. आणि तिसरी गोष्ट निर्णायक आहे. शेजारच्या भाषांनीही या गव्हाला नाव दिलं ते बहुधा तुसावरूनच.

जवे म्हणजे यव, सातू. सातूचा दाणाही तुसाला चिकटून असतो, कांडल्याशिवाय सुटत नाही. कानडी माणसाने गव्हात सातूचा गुण पाहिला आणि 'सातूगहू' म्हटलं. गुजरातेत याला 'पोपटिया' म्हणतात. ऐकताच पोपट आठवतो, पण गुजरातीत 'पोपटो' म्हणजे हरभऱ्याचा हिरवा घाटा. एका टरफलात एक-दोन दाणे, अगदी घाट्यासारखे. माझा कौल पोपटाला नाही, घाट्याला आहे. तमिळनाडूत हाच गहू 'सांबा' होतो, आणि सांबा हे तिथल्या भाताचं नाव. भातही तुसासकटच घरात येतो आणि कांडल्यावरच तांदूळ होतो. सांबा हे भाताच्या हंगामाचंही नाव आहे, त्यामुळे तमिळ पुराव्यावर मी फार भार टाकत नाही. पण सातू, घाटा आणि बहुधा भात अशा तीन शेजाऱ्यांनी एकाच दिशेने बोट दाखवल्यावर मराठीने तेवढं विहिरीकडे पाहिलं असेल, हे पटत नाही. खपली म्हणजे खपलीच. मोटेचा सिद्धान्त मी जड मनाने सोडून देतो.

नावातली मोट गेली तरी शेतातली मोट राहतेच, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आज खपली विकणारे तिला कोरडवाहू, काटक, पाण्याशिवाय येणारा प्राचीन गहू म्हणून विकतात. दख्खनेत प्रत्यक्षात तसं नव्हतं. कोरडवाहू गहू होता तो बन्सी आणि काठ्या. पाऊस ओसरला की काळ्या रानातल्या ओलीवर ऑक्टोबरात पेरायचा, पाभरीने खोल टाकायचा आणि फेब्रुवारीत कापून मोकळं व्हायचं. खपली मात्र पाण्याखालची. आधीचं पीक निघालं की उशिरा, नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबरात पेरायची, विहिरीचं वा पाटाचं पाणी द्यायचं आणि मार्चच्या उन्हात काढायची. एकाच गावात दोन्ही गहू, पण त्यांचे हंगाम वेगळे, ओल वेगळी आणि शत्रूही वेगळे.

आता तांबेऱ्याकडे पाहू, कारण खपलीला मिनेसोटात नेलं ते त्याला तोंड देण्याच्या तिच्या ताकदीमुळे. काळ्या तांबेऱ्याला दोन गोष्टी लागतात. पानावर काही तास टिकणारा ओलावा आणि बऱ्यापैकी ऊब. पिवळा तांबेरा थंडीतला, काळा मात्र उबेतला. भारतात तो उन्हाळ्यात कुठे जगतो, हे आग्र्याच्या करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षांच्या पाहणीतून दाखवलं. मैदानातल्या उन्हात तो मरतो. उरतो तो डोंगरांत, आणि काळ्या तांबेऱ्यापुरते महत्त्वाचे डोंगर म्हणजे दक्षिणेतले निलगिरी आणि पळणी. तिथून तो वाऱ्यावर उत्तरेकडे निघतो. बंगालच्या उपसागरातली वादळं ही पूड उचलून मध्य भारतावर कशी टाकतात, याचा नकाशा पुढे नागराजन आणि जोशी यांनी काढला. म्हणजे कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र या पाहुण्याच्या वाटेवरची पहिली गावं. पंजाबात तो पोचेपर्यंत गहू बहुधा पिकलेला असतो.

आता दोन नकाशे एकमेकांवर ठेवा. भारतात खपली कुठे टिकली? सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर, तमिळनाडूचे काही भाग, आंध्र-तेलंगण आणि गुजरात. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश अशा गव्हाच्या खऱ्या माहेरघरी ती नाही. गुजरात सोडला तर खपलीचा मुलूख म्हणजे काळ्या तांबेऱ्याची दक्षिणेकडची वाट. आणि त्या वाटेवरही खपली कोरड्या रानात नाही, ओल्या रानात आहे. उशिरा पेरलेली, पाणी दिलेली, फेब्रुवारीच्या पहाटेच्या दवात भिजलेली आणि दुपारच्या उबेत उभी. बुरशीने स्वतःसाठी शेत निवडायचं म्हटलं असतं तर हेच निवडलं असतं. बन्सीला प्रतिकार फारसा नसला तरी चालत होतं, कारण तो लवकर पिकून निसटायचा. खपलीला निसटायला वेळच नव्हता. तिला उभं राहून झुंजावं लागलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मिनेसोटाच्या कुंडीत जी खपली टिकली, ती आधी मोटेखालच्या वाफ्यात टिकलेली होती. तिची परीक्षा प्रयोगशाळेत झाली नाही, तिथे फक्त निकाल वाचला गेला.

या म्हणण्याला एक अनपेक्षित दुजोरा अलीकडे मिळाला. खपलीच्या प्रतिकारातल्या एका मोठ्या जनुकाला एसआर-१३ असं नाव आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्योर्ज दुबकोव्स्की यांच्या गटाने तो जनुक नेमका शोधून वेगळा काढला. त्याची एक खोड लक्षात आली, ती अशी की तो थंडीत मवाळ असतो आणि उबेत धारदार. १८ अंशांपेक्षा २५ अंशांना तो तांबेऱ्याला जास्त जोराने अडवतो. आता सांगा, दिल्लीच्या जानेवारीत असा जनुक कुणाच्या कामाचा? कृष्णाकाठच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसतो.

हा प्रतिकार घडतो कसा, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. तांबेरा जिवंत पेशींवरच जगतो, मेलेल्या पानावर त्याचं पोट भरत नाही. प्रतिकारक रोपाच्या पानात बुरशी घुसली की तिच्याभोवतीच्या पेशी चटकन मरतात आणि आत शिरलेला धागा त्या वाळल्या वर्तुळात उपाशी पडतो. पानावर दिसतो तो कोरडा, करपलेला बारीक डाग. म्हणजे खपलीच! गव्हाच्या नावाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी वर स्वतःच सिद्ध केलं आहे. तरी भाषेने कधीकधी असा डोळा मारावा, याला काय म्हणायचं.

माझ्या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि पहिला जड आहे. एसआर-१३ ही खपलीची मिरास नाही. इथिओपियातल्या एका जुन्या बन्सी-जातीच्या गव्हातही तो सापडला. पर्सिव्हलने १९२१ च्या गव्हावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात भारतातली खपली आणि ॲबिसिनियातली खपली यांना एकाच गटात घातलं होतं. २०१९ मध्ये लंडनच्या संग्रहालयातले तीन हजार वर्षांपूर्वीचे इजिप्तचे खपलीचे दाणे वाचले गेले, तेव्हा त्यांचं नातं आजच्या तुर्कस्तान, ओमान आणि भारतातल्या खपलीशी जवळचं निघालं. म्हणजे खपली समुद्रमार्गे असो वा खुष्कीने, त्या बाजूने आली असेल आणि प्रतिकार गाठोड्यात बांधून आणला असेल. मग कृष्णाकाठच्या वाफ्याने काय केलं? माझं उत्तर असं की वाफ्याने जनुक घडवला असं मी म्हणतच नाही, वाफ्याने तो राखला. ज्या गुणाची दरवर्षी परीक्षा होत नाही तो पिढ्यांमागून पिढ्या पातळ होत जातो. इथिओपिया हाही डोंगराळ, तांबेऱ्याने गांजलेला मुलूख. दोन्ही टोकांना तोच जनुक टिकावा आणि दोन्हीकडे तोच शत्रू असावा, यात मला योगायोग दिसत नाही.

दुसरा आक्षेप तुसाचा. खपली टिकली ती तुसामुळे, पेवात किडा लागत नाही, पाखरं खात नाहीत. तूस उपयोगी आहे हे खरं. पण तूस सगळीकडे तितकंच उपयोगी असतं, आणि तरी युरोपपासून पंजाबपर्यंत लोकांनी तुसाळ गहू सोडून मोकळ्या दाण्याचे गहू धरले, कारण कांडणं नको होतं. कृष्णाकाठच्या बायकांनी एवढा त्रास का काढावा? मोकळ्या दाण्याचा गहू तिथे पदरात पडतच नसेल, तरच या प्रश्नाचा उलगडा होतो. तिसरा आक्षेप चवीचा: खपलीची खीर, हुग्गी, कुरडया. गेल्या पन्नास वर्षांपुरतं मी हे पूर्ण मान्य करतो. बाकी सगळा आधार गेल्यावर बांधाकडेच्या चार सऱ्या खपलीला राहिल्या त्या खिरीमुळेच. पण ती शेतभर होती तेव्हा तिला शेतभर ठेवायला खीर पुरेशी नव्हती.

बाहेरच्या जगाने खपलीचं काय केलं, ते थोडक्यात. सिडनीत वॉटरहाउसने तिचा संकर 'स्टाइनवेडेल' नावाच्या ऑस्ट्रेलियन गव्हाशी केला आणि संततीचं नाव ठेवलं 'खापस्टाइन'. अर्धं मराठी, अर्धं जर्मन धाटणीचं हे नाव तांबेऱ्याच्या शास्त्रात आजही चालतं, आणि बरेच जण ते आडनाव समजत असावेत. १९५० नंतर १५-बी नावाच्या पोटजातीने अमेरिकेतला ड्युरम गहू झोपवला, तेव्हा नॉर्थ डाकोटाच्या पैदासकारांनी पुन्हा खपलीकडे हात पसरला. १९५६ चा त्यांचा 'लँग्डन' हा वाण तिच्या रक्ताचा. १९९९ पासून गाजलेल्या युगांडाच्या तांबेऱ्यावरही एसआर-१३ चालतो. त्याला चुकवणाऱ्या पोटजातीही आता इथिओपियात सापडल्या आहेत, म्हणजे तो अमृत नव्हे.

आणि आता या कुळकथेतला सर्वांत मजेदार नातेसंबंध. स्टॅकमनचं १९३० च्या दशकाअखेरचं एक व्याख्यान ऐकून वनशास्त्राचा एक विद्यार्थी वनस्पतिरोगांकडे वळला. त्याचं नाव नॉर्मन बोरलॉग. १९४२ मध्ये त्याने मिनेसोटातच डॉक्टरेट घेतली, मेक्सिकोला गेला, तिथे तांबेऱ्याशी लढता लढता जपानी नोरिन-१० चा बुटकेपणा आपल्या गव्हांत आणला. पुढचं भारतात सर्वांना पाठ आहे: सोनोरा, लर्मा रोहो, १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणं, कल्याणसोना, सोनालिका. ज्या गुरूच्या कुंड्यांत खपली रांगेत उभी होती, त्याच्याच शिष्याच्या गव्हाने कृष्णाकाठची खपली उखडली. यात खलनायक कोणी नाही. बुटक्या गव्हाला नत्र द्या, पाणी द्या, तो लोळत नाही. उंच खपलीला तेच द्या, ओंबी भरताच ती जमिनीला टेकते. पाटाचं पाणी आणि युरियाचं पोतं एकदा बांधावर आल्यावर निकाल लागल्यात जमा होता.

इथेच जुन्या-नव्याच्या तुलनेतली गफलत आहे. तुलना गव्हांची होते असं आपण समजतो, ती होते रानांची. वेळेवर पेरा, पाच-सहा पाणी, भरपूर खत, अशा रानात नवा गहू जिंकणार आणि त्याला जिंकूही द्यावं. औषध न मारता, उशिरा पेरून, उबेत आणि दवात उभं करा, तर निदान तांबेऱ्यापुरती खपली बघण्यासारखी असते. आणि ओल खोल गेलेल्या काळ्या कोरड्या रानात? तिथे दोघेही नाहीत, तिथे बन्सी. याला एक बारीक पण पक्कं कारण आहे. मेक्सिकोकडच्या बुटकेपणाचा जनुक फक्त काड आखूड करत नाही, तो कोंबाभोवतीचं म्यानही आखूड करतो. हे म्यान कोंबाला मातीतून वर आणतं. आखूड म्यानाचं बी पाभरीने ओलीपर्यंत खोल पेरलं तर कोंब मातीतच दुमडतो. म्हणूनच हे गहू आले तेव्हा पाच सेंटिमीटरांच्या आसपास उथळ पेरा, आणि मुकुटमुळं फुटताना, १८ ते २१ दिवसांनी, पहिलं पाणी चुकवू नका, असं शिकवावं लागलं. ज्याला ते पाणीच नाही त्याने काय करावं, हे त्या गव्हाला विचारायचं नव्हतं. निफाडच्या संशोधन केंद्राने पुढे कोरडवाहूसाठी 'पंचवटी'सारखे ड्युरम वाण वेगळे काढले, ते याच भानातून.

गफलतीचा दुसरा भाग पिशवीवर छापलेला असतो. 'पुरातन खपली' म्हणून आज मिळणारा गहू बऱ्याचदा पुरातन नसतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके १००९ आणि डीडीके १०२९, पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ हे खपलीचे आखूड काडीचे, न लोळणारे, पैदास केलेले वाण आहेत. खपलीत हा बुटकेपणा कुठे ड्युरमच्या संकरातून आला, तर कुठे, निलगिरीतल्या वेलिंग्टन केंद्रात झालं तसा, जुन्या उंच खपलीच्या बियांवर गॅमा किरण सोडून मिळवला गेला. यात फसवणूक नाही, सुधारणा आहे, पण 'पुरातन' हा शब्द मग नुसता शोभेचा उरतो. बाजाराला नावांशी फारसं देणंघेणं नसतंच. सणोसऱ्याच्या लोकभारतीने काढलेला 'लोक-१' मराठी दुकानात 'लोकवन' झाला आणि त्या 'वन'मध्ये आता गिऱ्हाइकाला जंगल दिसतं. सोनोरा-६४ वर गॅमा किरण सोडून लाल दाणा पिवळसर केला आणि त्याला 'शरबती सोनोरा' हे जुनं गोड नाव दिलं. आणि खपलीत ग्लूटेन नसतं असं सांगणाऱ्या पिशवीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. ते तिच्यात असतं, आणि सीलिॲकच्या रुग्णाला ती तितकीच वर्ज्य आहे.

म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं आहे. खपलीचा प्रतिकार अमेरिकी ड्युरममध्ये गेला, बुटक्या ड्युरमची काडी खपलीत आली. जुना गहू आणि नवा गहू अशी दोन घराणी मानून त्यांच्यात लग्न तर सोडाच, जेवणव्यवहारही नाही असं बोलणाऱ्यांनी ही सोयरीक एकदा पाहावी.

त्या बारा गव्हांच्या यादीचं पुढे काय झालं, तेवढं सांगतो. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत रोल्फ्स आणि मार्टेन्स यांनी नवी पद्धत आणली. एका रोपात एकच ज्ञात जनुक, आणि पोटजातीला अक्षरांचं सांकेतिक नाव. जुने गहू त्या यादीतून गेले आणि त्यांच्याबरोबर खपलीही गेली. भारतात मात्र मेहतांनी उभारलेल्या शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राने काळ्या तांबेऱ्यासाठी ठरवलेल्या संचात मार्क्विस, आइनकॉर्न, कोटा आणि रिलायन्स यांच्या शेजारी खपली अजून आहे, आणि तिचं नाव अजून खपलीच आहे.